काट्यांचं काम

"मावशी, गरीब मासा आहे का?" बोक्याने विचारलं, आणि मासेवालीचा उचललेला सुरा तसाच हवेत राहिला.

"कसला मासा?"

"गरीब. गरीब मासा म्हणतात तो."

मावशीने सुरा खाली ठेवला आणि शेजारच्या मासेवालीला कोपराने ढोसलं.

"ऐकलंस का गं? यांना गरीब मासा पाहिजे. अहो दादा, या बाजारात आता एकसुद्धा मासा गरीब राहिलेला नाही. भाव विचारा, म्हणजे गरीब कोण ते कळेल."

दोघी खो खो हसल्या. बोकाही हसला. पस्तिशी ओलांडलेला, लिफ्ट दुरुस्त करणारा चांगला दांडगा माणूस. पण माशांच्या बाजारात तो पिशवी घेऊन पहिल्यांदाच आला होता आणि ते लपत नव्हतं. बोका हे त्याचं घरातलं नाव. लहानपणी मासा भाजल्याचा वास सुटला की तो स्वयंपाकघराच्या दारात बसून भोकाड पसरायचा, म्हणून आईने ठेवलेलं. चिकटलं ते चिकटलंच. लग्नाच्या दिवशी सासऱ्यांच्या देखत आईने "बोक्या, इकडे ये" अशी खणखणीत हाक मारली होती आणि सासरे दचकून खाली बघायला लागले होते.

बर्फावर ओळीने मांडलेले मासे बघत तो पुढे सरकला. चंदेरी अंग, शेपटीला तांबूस झाक, तोंड जरा रुसल्यासारखं.

"हा! हाच तो."

मावशीचं हसू एकदम थांबलं.

"हा? हा गरीब? अहो, याच्याइतका काटेरी मासा अख्ख्या बाजारात शोधून सापडायचा नाही. चवीला एक नंबर, म्हणून जाणते लोक नेतात. पण खाताना बोलायचं नाही, हसायचं नाही. आणि लहान पोराच्या तर ताटातच वाढायचा नाही."

"काहीतरीच काय मावशी! आमच्याकडे दर रविवारी असायचा. माझ्या जन्मात मला त्यात एक काटा लागलेला नाही."

"मग तुमच्याकडे मासा नव्हता. साबण असेल."

पुन्हा हशा. बोक्याला वाटलं, नवीन गिऱ्हाईक बघून थट्टा चालली आहे. मावशीने मासा आतून साफ केला आणि सुरा पाठीवर टेकवून विचारलं, "मधला काटा तरी काढून देऊ? बारीक काही निघायचे नाहीत, ते केसासारखे असतात."

"नको नको. कापू नका. डोकं-शेपूट सगळं तसंच राहू दे."

"घरात कोणी मोठं माणूस आहे का?"

"वडील येणार आहेत आज जेवायला."

"मग त्यांना आधी दाखवा," मावशी म्हणाली, आणि या वेळी ती हसली नाही.

घरी आला तेव्हा बायकोने बटाटे धुऊन ठेवले होते. तिच्या माहेरी मासा उंबऱ्याच्या आत येत नसे. सासरी येऊनही ती मासा खायला शिकली नाही. मात्र माशाखाली त्याच्याच रसात भाजलेले बटाटे तिला चालत. चालत म्हणजे काय, तिथे ती कोणाला हात लावू देत नसे. "मासा नको, पण माशाचा बटाटा चालतो, वा रे वा तुझं सोवळं!" असं बोक्याची आई तिला चिडवायची आणि सगळ्यात खरपूस बटाटे तिच्याच ताटात घालायची.

आई जाऊन वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून या घरातल्या कोणी रविवारचा मासा पाहिला नव्हता.

"आज विचारणार आहेस ना?" बायकोने विचारलं.

"बघू."

"बघू नाही. परवा टेम्पो येणार आहे. एकदा बाबा आत्यांच्या गावी राहायला गेले की मग तू जाशील आणायला? तू? तुझं नाक इतकं वर असतं, की पाऊस आला तर बुडशील."

"तूच विचार की."

"मी विचारलं तर म्हणतील सून कर्तव्य करतेय. मुलगा आहेस, तू विचार. मागची खोली रिकामी पडलीये, एवढं एक वाक्य आहे."

एवढं एक वाक्य होतं, हे खरं. पण बोक्याच्या घशाखाली एक जुनी गोष्ट अडकलेली होती, आणि ती तिथे असेपर्यंत हे वाक्य वर येत नव्हतं. बाबा घड्याळवाले. घर वरच्या मजल्यावर, दुकान रस्त्यापलीकडे. आयुष्यभर रविवारी दुपारी ठरलेला प्रकार: आई विजेच्या भट्टीतून ट्रे काढून टेबलावर ठेवायची, बोका खुर्ची ओढायचा, आणि नेमके त्याच क्षणी बाबा उठायचे. "तुम्ही बसा, मी जरा दुकानात जाऊन येतो." रविवारी दुकान बंद असायचं. बंद दुकानात कसलं काम? पोराबरोबर बसून दोन घास खायला या माणसाला एवढं जड जातं? लहानपणी त्याने आईला विचारलं होतं. मोठेपणी विचारणंही सोडून दिलं. बाप असा का वागतो हे विचारायचं नसतं, मनात धरून ठेवायचं असतं, अशी काहीशी समजूत त्याने करून घेतली होती.

त्याने भट्टी तापायला लावली आणि आईचा काळा लोखंडी ट्रे पुढ्यात घेतला. आईची पद्धत त्याला पाठ होती. तळाला बटाट्याच्या जाड चकत्या, वर कांदा, गाजर, फरसबी, टोमॅटोच्या फोडी, सालीसकट लसणाच्या पाकळ्या. तेल, मीठ, मिरपूड, आणि हातानेच कालवायचं. बटाट्याला वेळ लागतो, म्हणून भाज्या आधी भट्टीत जायच्या आणि त्या कडेने लाल झाल्या की मग मासा वर. माशाच्या पोटात लिंबाच्या चकत्या, आणि अंगाभोवती पांढरा दोरा गुंडाळून गाठ. मासा त्याने आईच्या हातात पाहिला तो नेहमी असाच, दोऱ्याने बांधलेला. मागच्या गॅलरीतून धुऊन-बिऊन तयार होऊन यायचा. त्याआधी त्याचं काय होतं हे बघायची बोक्याला कधी गरज पडली नाही, आणि मुभाही नव्हती. रविवारी सकाळी मागच्या गॅलरीत बाबा बसलेले असत, डोळ्याला भिंग लावून, वाकून. "तिकडे जाऊ नकोस रे," आई म्हणायची. "काट्यांचं काम चाललंय. हात हलला तर सगळं वाया जाईल."

घड्याळाचे काटे, दुसरं काय! घड्याळवाल्याच्या घरात काटे म्हणजे तेच.

"बोक्या." बायको माशाच्या पाठीवर बोट दाबत होती. मासा खात नसली तरी तिला हात लावायला काही वाटत नसे. "अरे, हे काय टोचतंय आत?"

"असतात थोडे. लिंबू पिळल्यावर विरघळतात."

"काय विरघळतात?"

"काटे. शाळेत बाईंनी सांगितलं होतं की प्रत्येक माशाला काटे असतात. मी घरी येऊन आईला विचारलं, मग आपल्या माशाला का नाहीत? आई म्हणाली, हा मासा गरीब आहे, याचे काटे मऊ, लिंबाने विरघळून जातात."

बायकोने त्याच्याकडे नीट बघितलं. हा माणूस रोज उंच इमारतींच्या माथ्यावर चढून लिफ्टचे दोर तपासतो. एक नट ढिला असला तर त्याला झोप येत नाही.

"आणि तू ते खरं मानलंस?"

"आईने सांगितलेलं कोण तपासत बसतं?" बोका म्हणाला आणि त्याने चौथं लिंबू पिळलं.

तिने बोट पुसलं. आपल्याला माशातलं काय कळतंय, असं तिचं तिलाच वाटलं. शिवाय तिनेही इतकी वर्षं त्या टेबलावर बसून पाहिलं होतं: माय-लेक गप्पा मारत मासा खायचे, आणि कुणाच्या ताटाच्या कडेला कधी काही काढून ठेवलेलं नसायचं.

बाबा आले ते ठरलेल्या वेळेच्या जरा आधीच. आल्या आल्या त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, खिशातल्या घड्याळाशी ताडून बघितलं, खुर्चीवर चढून काटा मागे सारला आणि मग सुनेला म्हणाले, "पुढे पळतंय."

"आमच्याकडे सगळेच पुढे पळतात, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही असलात की जागेवर येतात."

तिने बोक्याकडे पाहिलं. बोल की आता, असं ते बघणं होतं. बोक्याने नॅपकिनच्या घड्या घालायला घेतल्या.

"टेम्पो ठरला?"

"परवा सकाळी."

"सामान?"

"बांधून झालं. हत्यारांची पेटीसुद्धा बांधली. आता तिकडे कोण देतंय दुरुस्तीला."

"बरं," बोका म्हणाला.

बरं! सात जन्मांचं शहाणपण एकवटून या पठ्ठ्याने बापाला काय म्हटलं, तर बरं. बायकोने कपाळाला हात लावायचा बाकी ठेवला. तेवढ्यात चिमणी आतून धावत आली आणि आजोबांच्या खिशातलं घड्याळ ओढून कानाला लावून बसली. चिमणी बोक्याची मुलगी, नुकती शाळेत जायला लागलेली. आजीच्या घरचा रविवार तिला चांगला आठवत होता. सकाळपासून तिने "झाला का मासा, झाला का मासा" करून घर डोक्यावर घेतलं होतं. बोक्याचीच पोर, शंकाच नको.

भट्टीची घंटा वाजली. बोक्याने ट्रे बाहेर काढला तेव्हा घरभर तो जुना वास पसरला. लिंबू, लसूण, कडेला करपलेला कांदा. माशाची कातडी सोनेरी होऊन फुगली होती, दोरा तपकिरी झाला होता. अगदी आईच्या हातचा दिसत होता. त्याने दोरा कापला, चिमणीच्या ताटात पाठीचा मोठा तुकडा वाढला, बाजूला दोन बटाटे ठेवले आणि बाबांसाठी ताट ओढलं.

बाबा उठले.

"तुम्ही बसा. मी जरा खाली जाऊन येतो."

इथे तर दुकानही नव्हतं! बोक्याच्या हातातला चमचा थांबला.

"बाबा, आज तरी बसा," बायको म्हणाली.

"जाऊ दे त्यांना," बोका म्हणाला. आवाज त्याला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "त्यांचं नेहमीचंच आहे. आपल्याबरोबर बसलं की घास उतरत नाही त्यांच्या घशाखाली."

दाराशी जाऊन बाबांनी एका पायात बूट घातला. दुसरा घालता घालता, पाठमोरेच, त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काटे कुणी काढले?"

"काटे?" बोका म्हणाला. "गरीब माशाला कुठले आलेत काटे?"

बाबा वळले. त्यांच्या चेहऱ्यातलं रक्त कुणी ओतून टाकावं तसा तो पांढराफटक पडला होता. चिमणीने तुकडा मोडला होता, घास बोटांत धरला होता, तोंड उघडलं होतं.

"थांब!"

त्या घरात कोणी कधी असा आवाज ऐकला नव्हता. बाबांचा तर नाहीच. आयुष्यभर घड्याळाची टिकटिक ऐकू यावी म्हणून हळू बोललेला माणूस एका पायात बूट घेऊन धावत आला आणि त्याने नातीच्या हातावर फटका मारला. घास उडाला. ताट टेबलावरून घसरलं, फरशीवर पडून फुटलं, बटाटे गडगडत कपाटाखाली गेले. चिमणी आधी नुसती बघत राहिली. आजोबांनी आपल्याला मारलं, हेच तिला कळेना. मग तिने टाहो फोडला.

बायकोने तिला उचललं. बोका उभा होता, त्याचे कान लाल झाले होते.

"काय चाललंय हे?" तो ओरडला. "तुम्हाला आमच्याबरोबर जेवायचं नाही ना, नका जेवू! जन्मभर नाही जेवलात, आम्ही काही म्हटलं? पण पोरीच्या तोंडचा घास उडवायचा? कुठला राग आहे तुमचा आमच्यावर? आईला जाऊन वर्ष झालं नाही, आणि तुम्ही..."

पुढचं वाक्य त्याला जमलं नाही. बाबाही ऐकत नव्हते. ते फरशीवर उकिडवे बसले होते. त्यांनी चिमणीच्या ताटातला तुकडा उचलला, दोन बोटांत धरून नखाने उलगडला आणि त्यातून काहीतरी ओढून काढलं. हात वर करून त्यांनी ते टेबलाच्या कडेवर ठेवलं. मग आणखी एक. मग आणखी.

बोक्याने वाकून बघितलं. बोटाच्या पेराएवढे, केसासारखे बारीक, टोकाला दुभंगलेले. दोन्ही टोकं सुईसारखी. बाबा काढत होते आणि ते निघत होते. एवढ्याशा तुकड्यातून किती निघावेत याला काही सुमार नव्हता.

"लिंबू..." बोका म्हणाला. "लिंबू पिळलं होतं मी."

ही काय बोलायची गोष्ट होती? त्याने खुर्चीचा आधार घेतला. मासेवाली हसत नव्हती तो चेहरा त्याला आठवला. बोटांत घास धरून उघडलेलं चिमणीचं तोंड आठवलं. बायकोने पोरीला इतकं घट्ट धरलं होतं, की ती रडायची थांबून सुटायची धडपड करायला लागली होती.

"बाबा," बोका म्हणाला. "आपल्याकडे... आपल्याकडच्या माशात नसायचे."

"नसायचे," बाबा म्हणाले.

मग ते उठून खुर्चीवर बसले. टेबलावरचे काटे त्यांनी बोटाने एका रेषेत लावले. ती हाताची सवयच.

"तू हिच्याएवढा होतास. हिच्यापेक्षाही लहान. माझ्या मांडीवर. मीच भरवत होतो. कुणा गिऱ्हाईकाची काहीतरी गंमत तुझ्या आईला सांगत होतो, हसत होतो आम्ही. आणि तू गप्प झालास." ते थांबले. "निळा पडलास. घशात बोट घालून काटा काढला. किती वेळ लागला, कुणास ठाऊक. घड्याळवाला असून मला तेवढी वेळ कधी सांगता आली नाही."

भट्टी गार होताना टकटक वाजत होती.

"मासा बंद केला मग. पण तू कुठे ऐकतोस? दुसऱ्यांच्या घरून वास आला तरी दारात बसून रडायचास. दुसरं काही नीट खायचास नाही. तुझी आई म्हणाली, काय करायचं या बोक्याचं? मी म्हटलं, काटेच काढायचे आहेत ना? जन्मभर दुसरं काय करतोय?"

"काट्यांचं काम," बोका पुटपुटला.

"पाठीतून उघडायचा, सगळे काढायचे, परत मिटवून दोरा बांधायचा. म्हणजे तुला अख्खा दिसायला पाहिजे. तुकडे दिले की तू फसवलं म्हणायचास."

"पण मी मोठा झालो की नंतर! लग्न झालं, पोर झाली! मला सांगायचं तरी!"

"कशाला? तू घाबरून खाल्ला असतास." बाबांनी मान हलवली. "घाबरायला मी होतो की."

बोक्याने तोंड फिरवलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत तो उभा राहिला. घशाखालची ती जुनी गोष्ट जागची हलली होती आणि आता ती वर येते की खाली जाते, हे त्याला कळत नव्हतं.

बाबांनी ट्रे पुढे ओढला.

"चिमटा आहे का घरात? बारीक?"

बायको आत धावली आणि भुवया कोरायचा चिमटा उकळत्या पाण्यातून काढून घेऊन आली. बाबांनी तो उजेडात धरला, टोकं जुळवून बघितली.

"बोथट आहे. माझा पेटीत राहिला." तरी त्यांनी खिशातून भिंग काढलं, डोळ्याला लावलं, आणि वाकले. चिमणी रडणं विसरून टेबलाला हनुवटी टेकून बघत होती. आजोबा माशाची एकेक पाकळी उलगडून काटा काढत, रेषेत ठेवत, आणि साफ झालेला मासा दुसऱ्या ताटात रचत. भाज्या गार झाल्या. कोणी जेवायची घाई केली नाही. बोका काचा गोळा करायला खाली बसला, आणि झाल्यावरही तसाच खाली बसून राहिला. तिथून त्याला बाबांचे हात दिसत होते. हात थरथरत होते. ते त्याला आधी का दिसलं नव्हतं? काट्याजवळ गेले की मात्र थांबत.

शेवटचा तुकडा ठेवून बाबांनी भिंग काढलं, हात धुतले, आणि राहिलेला बूट घातला.

"बाबा, आता तरी बसा," बायको म्हणाली. "आता तर सगळे निघाले."

"निघाले असतील," ते म्हणाले. "तुम्ही खा."

या वेळी बोक्याने स्वतःच दार उघडून दिलं. जिन्यावरून त्यांची पावलं उतरत गेली.

त्याने चिमणीला नवीन ताट दिलं, मासा वाढला. पोरीने भुकेने मोठा घास घेतला. बोका तिच्या तोंडाकडे बघत होता. चावली. गिळली. पाणी प्यायली. दुसरा घास घेतला आणि जरा थांबली.

"काय झालं?" तो खुर्चीतून अर्धा उठला.

"काही नाही. गरम आहे का बघते."

गार झालेला मासा. तिसरा घास. चावताना ती काहीतरी सांगायला लागली, शाळेतलं, हसायला लागली. "बोलू नकोस!" तो ओरडला. बायको म्हणाली, "अरे, काढलेत त्यांनी सगळे." हो, काढलेत. भिंग लावून काढलेत. पण एखादा? केसाएवढा असतो. चौथ्या घासाला बोक्याने तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. पाचव्याला त्याला बसवेना. त्याने ताट बाजूला सारलं, उठला, आणि चिमणीकडे पाठ करून खिडकीशी जाऊन उभा राहिला. तिथे गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, की तो उठला आहे. तो जेवणावरून उठला आहे.

खाली, रस्त्यापलीकडे, बसथांब्याच्या बाकावर बाबा बसले होते. हातात घड्याळ होतं. ते घड्याळाकडे बघत नव्हते, खिडकीकडे बघत होते. खिडकीत बोका दिसल्यावरही त्यांचा चेहरा बदलला नाही. ते दुसऱ्या कशाची तरी वाट बघत होते.

आणि बोक्याला आठवलं. रविवारचं जेवण झालं, की आई रिकामा ट्रे घासायला नेत नसे. आधी खिडकीत उभा करायची, तसाच, खरकटा. "खिडकीत कशाला?" त्याने एकदा विचारलं होतं. "वारा लागू दे जरा," आई म्हणाली होती. त्यानंतर थोड्या वेळाने जिन्यात बाबांची पावलं वाजायची, आणि आई त्यांना गार झालेलं वाढायची. इतकी वर्षं ट्रेला वारा लागत होता आणि बोका शेजारच्या खुर्चीत ढेकर देत बसलेला होता.

"संपला," चिमणी म्हणाली. "अजून आहे?"

"आजोबांचा आहे तो."

"मग बटाटे?"

"ते माझे," बायको म्हणाली.

बोक्याने टेबलावरून ट्रे उचलला. उरलेल्या भाज्या माशाच्या ताटात काढल्या, तळाला चिकटलेला कांदा तसाच ठेवला. हात तेलकट झाले होते. त्याने ट्रे खिडकीत उभा केला आणि पडू नये म्हणून धरून ठेवला.

बसथांब्यावर बाबा काही क्षण तसेच बसून राहिले. मग त्यांनी घड्याळ खिशात टाकलं. उठताना त्यांना बाकाचा हात धरावा लागला. ते रस्ता ओलांडायला लागले, डावी-उजवीकडे न बघता, आणि एका स्कूटरवाल्याने त्यांना शिव्या घातल्या.

जिन्यात पावलं वाजली. दार उघडंच होतं. बाबांनी बूट काढले, आत आले, नातीच्या डोक्यावर हात ठेवला आणि ज्या हाताला फटका मारला होता तो बघितला. मग खुर्ची ओढून बसले.

"वाढ," ते म्हणाले.

बोक्याने वाढलं. गार मासा, गार गाजरं, कडेचा करपलेला कांदा. ते खात असताना तो समोर बसून राहिला, आणि त्यांच्याही प्रत्येक घासाला त्याची नजर त्यांच्या गळ्यावर जात होती.

"मीठ कमी आहे," बाबा म्हणाले. "आणि लिंबू फार."

"हो," म्हणत बोक्याने मीठ पुढे सरकवलं.

"मागची खोली," तो म्हणाला, आणि थांबला. एक वाक्य. पण ते पुरं होईना. "मागच्या खोलीत सकाळचा उजेड चांगला येतो. खिडकीशी टेबल मावेल."

बाबांनी एक घास खाल्ला, ते पाणी प्यायले. टेबलाच्या कडेला रेषेत लावलेल्या काट्यांपैकी एक त्यांनी बोटाने सरळ केला.

"पेटी सोडावी लागेल," ते म्हणाले. "गाठी पक्क्या मारल्यात मी."

बोका उठला, फोन घेऊन खिडकीशी गेला आणि आत्याला लावला.

"आत्या, बोका बोलतोय. बाबांचं यायचं ठरलं होतं ना परवा... नाही, तब्येत बरी आहे. त्यांना जमणार नाही गं यायला."

"अरे, असं कसं ऐनवेळी?" आत्याचा आवाज खोलीभर ऐकू आला. "मी खोली रंगवून घेतली! काय असं काम निघालं त्यांना आता?"

बोक्याने मागे बघितलं. चिमणी आजोबांच्या मांडीवर चढली होती आणि भिंग डोळ्याला लावून त्यांच्या ताटातला मासा तपासत होती.

"काट्यांचं काम आहे," तो म्हणाला.